पापणी मिटली, एकाचे दोन दिसू लागले: आधी बाहुली बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, १४ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू. चार दिवस डाव्या भुवईवर ठणका होता. परवा सकाळी उठले तर डावी पापणी पूर्ण मिटलेली, आणि बोटाने ती उचलली की एकाचे दोन दिसतात. एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘शुगरमुळे नस कमजोर झाली आहे, तीन महिन्यांत बरं होईल.’ दुसऱ्यांनी मेंदूची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, लगेच करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. बिघाड डोळ्यात असताना मेंदूचा तपास कशाला, आणि दोघांपैकी कोणाचं ऐकायचं?

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. वडिलांना भरपूर उजेडात बसवा, डावी पापणी अंगठ्याने हळूच वर धरा आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या, म्हणजे मधला काळा गोल, शेजारी शेजारी ताडून बघा. मग मोबाईलचा टॉर्च बाजूने आणून एकेका डोळ्यावर टाका. डावी बाहुली उजवीपेक्षा उघड मोठी असेल, टॉर्च टाकल्यावर आकसत नसेल, तर आज रात्रीच त्यांना मेंदूचे सर्जन आणि सीटी अँजिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात घेऊन जा. उद्याची ओपीडी नको. वडिलांना अजून उलटी, मान आखडणं, किंवा आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक डोकेदुखी झाली, तर बाहुली बघण्यातही वेळ घालवू नका.

बाहुली दोन्हीकडे सारखी असेल तर थोडा श्वास घ्यायला हरकत नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त व्हायचं नाही. का, ते सांगतो.

मेंदूतून बारा जोड नसा थेट निघतात. त्यातली तिसरी म्हणजे ऑक्युलोमोटर नर्व्ह. डोळा हलवणारे सहा स्नायू असतात, त्यातले चार एकटी ही नस चालवते: डोळा वर नेणारे दोन, खाली नेणारा एक आणि नाकाकडे वळवणारा एक. पापणी उचलणारा स्नायूही हिचाच. शिवाय बाहुली आकसणं आणि जवळचं वाचताना डोळ्यातलं भिंग जुळवून घेणं, ही कामं करणारे बारीक धागे हिच्याच अंगावरून जातात. उरलेल्या दोन स्नायूंपैकी डोळा कानाकडे नेणारा सहाव्या नसेचा, आणि डोळा खाली नेत थोडा आत पिळणारा चौथ्या नसेचा. म्हणून तिसरी नस पूर्ण बंद पडली की हे उरलेले दोघेच डोळ्याला ओढतात आणि बुबुळ बाहेर आणि किंचित खाली जाऊन बसतं. पापणी उचलल्यावर तुम्हाला तसंच दिसलं असेल.

इथे घरच्यांचा नेहमी एक गैरसमज होतो. पापणी पूर्ण मिटलेली असते तोवर रुग्ण दोन दिसण्याची तक्रार करत नाही, कारण तो डोळा झाकलेलाच असतो. नस सुधारू लागली की पापणी आधी थोडी उघडते, आणि मग एकाचे दोन दिसायला लागतात. घरचे घाबरून येतात, ‘डॉक्टर, आता जास्तच बिघडलं.’ बऱ्याचदा ती सुधारणेची खूण असते. जवळचं धूसर दिसण्याची तक्रार मात्र तरुण माणूस करतो. साठीच्या माणसाला चाळिशीचा चष्मा आधीच असतो, त्याला हा फरक जाणवत नाही.

आता बाहुलीचं एवढं महत्त्व का. ही नस म्हणजे एक दोरखंड समजा. स्नायूंकडे जाणारे धागे त्याच्या गाभ्यात असतात, बाहुलीचे धागे वरच्या सालीलगत, विशेषतः वरच्या आणि आतल्या बाजूला. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, वाढलेली चरबी यांनी नसेला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या बंद होतात तेव्हा उपासमार आधी गाभ्याची होते. सालीला बाहेरच्या आवरणातूनही रक्त मिळत असतं, म्हणून बाहुलीचे धागे बहुधा वाचतात. डोळा हलत नाही, पापणी पडते, पण बाहुली ठीक राहते. याउलट बाहेरून काही दाबत असेल तर मार पहिल्यांदा सालीवर बसतो आणि बाहुली मोठी होते.

बाहेरून दाबणाऱ्या गोष्टींत ज्याची सगळ्यांत जास्त भीती असते तो म्हणजे रक्तवाहिनीचा फुगा, ॲन्युरिझम. मेंदूच्या तळाशी पोस्टेरियर कम्युनिकेटिंग नावाची एक धमनी आहे. ती मानेतून वर आलेल्या मोठ्या कॅरोटिड धमनीतून निघते, आणि तिसरी नस तिच्या अगदी अंगाला लागून पुढे जाते. या सांध्यावर धमनीची भिंत पातळ होऊन फुगा आला की तो नसेवर रेलतो. पापणी पडणं ही अनेकदा त्या फुग्याची पहिली आणि एकमेव सूचना असते. फुगा वाढत असतो म्हणूनच नस दाबली जाते, आणि वाढता फुगा फुटायला फार वेळ घेत नाही. फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो. बरेच जण त्यातून वाचत नाहीत आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. फुटण्याआधी सापडला तर फुग्याच्या मानेला, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो तिथे, क्लिप लावता येते, किंवा जांघेतून नळी घालून फुग्यात कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, भरता येते. डोळ्यासाठी मेंदूचा तपास कशाला, याचं हे उत्तर. नस डोळ्याची असली तरी तिचा जवळजवळ सगळा प्रवास कवटीच्या आत आहे.

मग पहिले डॉक्टर चुकले का? तुमच्या वडिलांचं वय, १४ वर्षांचा मधुमेह, रक्तदाब आणि एका रात्रीत आलेला त्रास बघता रक्तपुरवठ्याचंच कारण असण्याची शक्यता जास्त आहे. माझ्याकडे पन्नाशीपुढचे असे जे रुग्ण येतात त्यांत हेच कारण सर्वाधिक दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘शुगरमुळे’ हे निदान सगळ्यात शेवटी, बाकीचं तपासून झाल्यावर करायचं असतं. मधुमेह इतका पसरला आहे की फुगा असलेल्या माणसालाही मधुमेह असू शकतो.

दुखण्यावरून फरक करता येत नाही. भुवईवरचा ठणका दोन्हीत होतो, आणि मधुमेहात तो इतका तीव्र असतो की माणूस रात्रभर झोपत नाही.

बाहुलीचा नियमही तीन अटींवर चालतो. या अटी न पाळल्याने मी स्वतः नुकसान होताना पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली अट: बाकी सगळं पूर्ण बंद असलं पाहिजे. पापणी पूर्ण मिटलेली, डोळा वर, खाली, आत अजिबात हलत नाही, आणि तरीही बाहुली अगदी सारखी, तरच ‘बाहुली वाचली’ या वाक्याला वजन आहे. पापणी अर्धीच पडली आहे, डोळा थोडा थोडा हलतो आहे, आणि बाहुली ठीक आहे, अशा अर्धवट लकव्यात ठीक बाहुलीचा भरवसा धरता येत नाही. फुग्याचा दाब अजून त्या धाग्यांपर्यंत पोचला नसेल एवढंच. दुसरी अट वेळेची: पहिल्या दिवशीची बाहुली सातव्या दिवसाची हमी देत नाही. पहिला आठवडा ती रोज बघावी लागते. तिसरी अट उलट बाजूची: मधुमेहाच्या लकव्यातही सुमारे एक तृतीयांश रुग्णांत बाहुली किंचित मोठी सापडते, साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि उजेडाला ती थोडीफार आकसते. म्हणजे एवढ्याशा फरकाने फुगा ठरत नाही. पण तो फरक घरी बसून सोडून देण्यासारखाही नाही.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, मधुमेह होता, पापणी अर्धी पडलेली, बाहुली ठीक. मी त्यांना मधुमेहाचा लकवा आहे असं सांगून पंधरा दिवसांनी बोलावलं. पाचव्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला, ‘आईंचा डोळ्यातला काळा गोल मोठा दिसतोय.’ त्या सुनेने रोज बघितलं म्हणून त्या बाई वाचल्या. अँजिओग्राफीत फुगा निघाला, दुसऱ्या दिवशी क्लिप लागली. तेव्हापासून तिसऱ्या नसेच्या नव्या लकव्यात वय, साखर, बाहुली काहीही असो, मी रक्तवाहिन्यांचा तपास पहिल्या भेटीतच सांगतो. काही सहकारी म्हणतात, पन्नाशीपुढच्या, पूर्ण लकवा आणि वाचलेली बाहुली असलेल्या रुग्णात थांबून बघता येतं. त्याला शास्त्रीय आधार आहे. पण आज सीटी अँजिओग्राफी जिल्ह्याच्या ठिकाणीही होते, नस दाबण्याइतका मोठा फुगा नीट वाचलेल्या चांगल्या स्कॅनमध्ये क्वचितच निसटतो, आणि चूक झाली तर तिची किंमत माणूस असते. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी पाळा.

तपासाआधी किडनीसाठी क्रिएटिनीन ही रक्ततपासणी करून घ्या, कारण स्कॅनमध्ये शिरेतून रंगद्रव्य द्यावं लागतं. वडील मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर ते तिथे सांगा. क्रिएटिनीन वाढलेलं असेल तर ती गोळी काही दिवस थांबवतात. किडनी कमजोर असेल तर रंगद्रव्याशिवायची एमआर अँजिओग्राफी हा पर्याय आहे. स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यायला सांगा: ‘डावी तिसरी नस, पोस्टेरियर कम्युनिकेटिंग ॲन्युरिझम आहे का?’ नुसतं ‘डोकेदुखी’ लिहिलेल्या चिठ्ठीवर नजर त्या सांध्यावर रेंगाळत नाही. साधा सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणून फुगा नाही असं होत नाही, हेही लक्षात ठेवा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आहेत; शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आता बाकीची कारणं. नस जिथून जाते त्या प्रत्येक टप्प्यावर तिला वेगळा धोका आहे, आणि सोबत काय बिघडलं यावरून जागा ओळखता येते.

नसेचं मूळ मध्यमेंदूत आहे. तिथे रक्ताची गुठळी अडकली तर सहसा एकटी नस जात नाही. एका बाजूचा डोळा आणि विरुद्ध बाजूचे हातपाय असं एकदम लुळं पडतं. हे चित्र हर्मन वेबर यांनी १८६३ मध्ये नोंदवलं, म्हणून त्याला वेबर सिंड्रोम म्हणतात. हातपाय लुळे न पडता विरुद्ध बाजूचा हात थरथरत असेल किंवा तोल जात असेल तर जखम थोडी मागे, असा हिशेब. मुळाची रचनाही मोठी चमत्कारिक आहे. दोन्ही पापण्यांसाठी मध्यावर एकच सामायिक केंद्र आहे, आणि डोळा वर नेणाऱ्या एका स्नायूचे धागे उलट बाजूला ओलांडून जातात. त्यामुळे अगदी मुळावर घाव असेल तर एका डोळ्याच्या लकव्यासोबत दोन्ही पापण्या पडतात आणि दुसरा डोळाही वर जात नाही.

मूळ सोडून नस मेंदूच्या आवरणांतून जाते. आपल्याकडे इथे क्षयाचा मेंदूज्वर विसरून चालत नाही. कित्येक दिवसांचा बारीक ताप, वजन उतरणं, डोकेदुखी, उलट्या, आणि मग एखाद्या दिवशी डोळा तिरळा होणं किंवा पापणी पडणं. मेंदूच्या तळाशी साचलेला चिकट स्राव नसांना गुंडाळतो. अशा वेळी पाठीतलं पाणी काढून तपासणं टाळू नका. ‘पाठीत सुई घेतली की माणूस लुळा होतो’ या भीतीने घरचे नाही म्हणतात आणि उपचार आठवडाभर लांबतो, हे मला फार लागतं.

डोक्याला मार लागल्यानंतर बाहुली मोठी होणं ही वेगळीच घाई आहे. कवटीत रक्त साचून मेंदूचा भाग खाली सरकतो आणि नसेवर दाबला जातो. मोटारसायकलवरून पडलेला माणूस गुंगीत जातोय आणि एक बाहुली मोठी होतेय, तर हातात मिनिटं असतात.

पुढे नस कॅव्हर्नस सायनस नावाच्या शिरांच्या कप्प्यात शिरते. तिथे चौथी, सहावी आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी पाचवी नस दाटीवाटीने असतात. म्हणून डोळा सगळ्याच दिशांना थिजलेला, कपाळ बधिर, डोळा लाल किंवा पुढे आलेला असेल तर बिघाड इथे. चौथी नस शाबूत आहे का हे बघण्याची एक सोपी युक्ती आहे. रुग्णाला खाली बघायला सांगायचं आणि पांढऱ्या भागावरच्या एखाद्या लाल रेषेवर नजर ठेवायची. डोळा आतल्या बाजूला पिळला तर चौथी चालू आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत अचानक रक्तस्राव झाला तरी याच कप्प्यावर दाब येतो. तेव्हा भयंकर डोकेदुखी, दृष्टी कमी होणं आणि पापणी पडणं एकत्र येतात.

मधुमेही माणसाच्या बाबतीत या कप्प्याचा आणखी एक शत्रू आहे, म्युकर, लोक ज्याला काळी बुरशी म्हणतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने तो जवळून पाहिला. साखर बेताबाहेर, करोनासाठी घेतलेली स्टेरॉइडं, आणि मग गाल दुखणं, नाकातून काळपट स्राव, पापणी पडणं, नजर जाणं. आमच्या वॉर्डात त्या मे महिन्यात अशा खाटा शेजारी शेजारी होत्या. लाट गेली, बुरशी कुठे गेली नाही. म्हणून तुमच्या वडिलांच्या नाकात, टाळूवर काळा डाग किंवा खपली आहे का, गाल बधिर आहे का, हे टॉर्चने नक्की बघा. असेल तर ती त्याच दिवशीची कान-नाक-घशाची इमर्जन्सी आहे.

याच कारणाने एक कळकळीची विनंती: कोणी ‘नसेची सूज उतरवायला’ स्टेरॉइड देऊ केलं तर स्कॅन होईपर्यंत घेऊ नका. कॅव्हर्नस सायनसमध्ये टोलोसा-हंट नावाची एक सूज येते, ती स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत उतरते. पण काही गाठीही स्टेरॉइडने तात्पुरत्या आकसतात आणि निदान लांबतं; बुरशीला तर ते खतपाणीच आहे. याला एक अपवाद आहे. डोकं विंचरताना टाळू दुखते, भाकरी चावताना जबडा भरून येतो, अंग मोडून आलंय, अशा साठीच्या माणसात कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते. आपल्याकडे ती कमी दिसते, पण ईएसआर आणि सीआरपी या साध्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात, कारण तिथे स्टेरॉइड उशिरा दिलं तर नजर जाते.

तिसऱ्या नसेचा लकवा वाटावा पण नसावा, असेही आजार आहेत. मायस्थेनियात, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजारात, पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी पडलेली असते, कधी डावी कधी उजवी, आणि बाहुली कधीच बिघडत नाही. पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी ठेवली की ती उघडते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या दोन्ही पापण्या पडल्या, तर मण्यार चावल्याचा संशय घ्या. तिचा दंश झोपेत कळतही नाही आणि खूणही सापडत नाही. पापणी आणि डोळ्याची हालचाल ठीक, फक्त एक बाहुली मोठी, असं असेल तर धोतऱ्याबद्दल विचारा. महाशिवरात्रीला फुलं-फळं तोडून तोच हात डोळ्याला लागलेले लोक मी पाहिले आहेत. पापणी जराशीच पडली आणि बाहुली लहान झाली, तर तो वेगळा आजार आहे, त्याचा शोध मानेपासून छातीपर्यंत घ्यावा लागतो. लहान मुलांत जन्मजात दोष, मार आणि गाठी ही कारणं पुढे येतात, आणि तिथे नसेइतकीच काळजी नजरेची असते. झाकलेला डोळा बघायला शिकतच नाही आणि आळशी होतो.

तुमच्या वडिलांच्या स्कॅनमध्ये फुगा किंवा गाठ नाही असं आलं, तर पुढचा रस्ता संयमाचा आहे. साखर हळूहळू ताब्यात आणा, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, चरबी बघा, तंबाखू बंद. बी-१२ ची इंजेक्शनं कमतरता असेल तर द्यावीत. या लकव्यावर तो उपाय नाही. ठणका साध्या वेदनाशामकाने आठवडा-दोन आठवड्यांत जातो. पापणी उघडू लागल्यावर दोन दिसतील, तेव्हा चष्म्याच्या त्या काचेवर आतून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा, काम भागतं. तोपर्यंत गाडी चालवायची नाही, आणि जिना उतरताना कोणीतरी सोबत हवं, कारण एक डोळा झाकला की पायरीचा अंदाज चुकतो.

पहिला आठवडा रोज, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, पापणी उचलून दोन्ही डोळ्यांचा फोटो काढा आणि तारखेने ठेवा. बाहुली मोठी होताना दिसली तर स्कॅन झालेला असला तरी परत या. रक्तपुरवठ्याचा लकवा सहसा आठ ते बारा आठवड्यांत पूर्ण सुटतो. बारा आठवड्यांनंतरही तसाच राहिला, मध्येच दुसरी एखादी नस बिघडली, किंवा डोळा नाकाकडे वळवताना अथवा खाली बघताना पापणी आपोआप वर उचलली जाऊ लागली, तर ‘शुगरमुळे’ हे निदान मागे घ्यायचं. नसेचे धागे तुटून चुकीच्या स्नायूंत उगवले की पापणी अशी उडते, आणि मधुमेहाच्या लकव्यात तसं होत नाही. तिथे दाब देणारं काहीतरी पहिल्या स्कॅनमध्ये निसटलं आहे असं धरून कॅव्हर्नस सायनसचा रंगद्रव्यासह एमआरआय करायचा.